दुकानदारांनो, या चुका टाळा : व्यापारातली सचोटी आणि इस्लाम

नमाज वेळेवर, रोजे पूर्ण, जकातही (धर्माने बंधनकारक केलेलं दान) चोख. पण गल्ल्यावर बसलं की नियम वेगळे. इबादत (उपासना) आणि धंदा यांची अशी फारकत इस्लामला मान्य नाही. रोज होणाऱ्या आणि किरकोळ समजल्या जाणाऱ्या काही चुकांबद्दल म्हणून हे लिहितो आहे.

मालातला दोष झाकणे

प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेच्या बाजारातून जात होते. धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. त्यावर प्रेषितांनी विचारलं, मग ते वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं! जो फसवतो तो माझा नव्हे. ही हदीस, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतीची नोंद, 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहात आहे.

पाऊस पडला हा त्या माणसाचा दोष नव्हता. भिजलेलं धान्य विकायलाही कुणी मनाई केली नाही. गुन्हा होता तो वर कोरडा थर ठेवण्याचा. म्हणून 'गिऱ्हाईकाने बघून घ्यायचं होतं' ही सबब इथे चालत नाही. जे आपल्याला माहीत आहे ते सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्याची. जनावर विकण्याआधी दूध न काढता कास तटतटलेली ठेवायची, ही युक्तीही प्रेषितांनी निषिद्ध ठरवली आणि फसलेल्या गिऱ्हाईकाला तीन दिवसांत जनावर परत करण्याचा हक्क दिला. सेकंडहँड मोबाइल किंवा मोटारसायकल विकणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

घ्यायचं माप एक, द्यायचं दुसरं

कुरआनची ८३ वी सूरह (अध्याय), अल-मुतफ्फिफीन, अशाच लोकांच्या धिक्काराने सुरू होते: स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेतात, दुसऱ्याला देताना कमी देतात. मिठाईच्या भावात खोक्याचंही वजन धरणं याच प्रकारात बसतं. प्रेषितांनी तर तोलणाऱ्याला सांगितलं होतं, तोल आणि पारडं झुकतं ठेव.

शपथेवर माल खपवणे

'अल्लाहची कसम, खरेदीच एवढ्याची आहे!' शपथेने माल खपतो, पण बरकत जाते, असं हदीसमध्ये आहे. भाव वाढावा म्हणून साठेबाजी करणं आणि घ्यायचं नसताना बोली चढवणं, दोन्ही निषिद्धच.

उधारी तोंडी ठेवणे

कुरआनची सर्वांत मोठी आयत, म्हणजे वचन (सूरह २, आयत २८२), देण्याघेण्याबद्दल आहे. मुदतीचं कर्ज लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असा तिचा आदेश आहे. तरीही 'घरातलाच माणूस, लिहायचं कशाला' म्हणत भावाभावांच्या भागीदाऱ्या मोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. देणेकरी खरोखर अडचणीत असेल तर त्याला मुदत द्यावी (२:२८०). पण ऐपत असून पुरवठादाराचे पैसे लांबवणं हा जुलूम आहे.

चूक आधीच झाली असेल तर?

अल्लाहकडे नुसती तौबा (पश्चात्ताप) पुरत नाही, कारण इथे दुसऱ्या माणसाचा हक्क बुडालेला असतो. ज्याचे पैसे त्याला द्या, तो हयात नसेल तर वारसांना. कुणीच सापडत नसेल तर तेवढी रक्कम त्याच्या वतीने दान करा. इस्लामी कायद्याचे थोर विद्वान इमाम अबू हनीफा इराकमधल्या कूफा शहरात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने दोष न सांगता कापड विकलं आणि गिऱ्हाईक कोण होतं तेही त्याला आठवेना, तेव्हा इमामांनी त्या विक्रीची सगळी रक्कम दान केली, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. बिलावर नाव आणि फोन नंबर लिहून ठेवला, तर आज गिऱ्हाईक शोधणं तेवढं अवघड नाही.