ताटातला चरबीचा तुकडा कुत्र्याला द्यावा का?

चरबी म्हणजे कुत्र्यासाठी विष नव्हे, रोजच्या आहारात ती लागतेच. गोची होते ती एकदम भरपूर पोटात गेल्यावर: मांसाची कापून टाकलेली चरबी, तळलेली कातडी, तव्यात उरलेलं तेल.

आधी हिशोब. १० किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. वरचं खाणं त्याच्या १० टक्क्यांत, म्हणजे ६० कॅलरींत बसायला हवं. एका ग्रॅम चरबीत ९ कॅलरी असतात, आणि एक टेबलस्पून लोण्यात सुमारे १००. संपला कोटा!

जास्त झालं की बहुतेकदा जुलाब किंवा एखादी उलटी होऊन निभावतं. खरी भीती स्वादुपिंडाच्या सुजेची. तिच्यात पाचकरस आतड्यात पोचायच्या आधीच सक्रिय होतात आणि स्वादुपिंडालाच पचवू लागतात. लठ्ठ कुत्रे, मिनिएचर श्नाउझर जातीचे आणि हा आजार एकदा होऊन गेलेले कुत्रे, यांना चरबीचा तुकडा चाखायलाही नको.

पोटात दुखणारा कुत्रा कधी कधी छाती जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरतो. खेळायला बोलावतानाही तो असाच वाकतो, पण तेव्हा शेपूट हलत असते आणि लगेच उडी येते. दुखत असेल तर तसाच थिजून राहतो. जोडीला पुन्हापुन्हा उलट्या, अन्नाकडे पाठ किंवा मलूलपणा दिसला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा.

चोरून खाल्लंच, तर उरलेलं उचलून ठेवा आणि काय, किती, कधी खाल्लं ते लिहून ठेवा. त्यात कांदा, लसूण किंवा शिजवलेली हाडं होती का, हे नीट आठवा. असतील तर लक्षणं दिसायची वाट न पाहता फोन करा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, रक्तातलं सोडियम वाढून जीवावर बेतू शकतं. माणसांची वेदनाशामक गोळीही नको. कुत्रा ठीक वाटत असेल तर पाणी समोर ठेवा, नेहमीचंच खाणं थोडं थोडं द्या आणि दोन-तीन दिवस नजर ठेवा.

खाऊच घालायचंय? कातडी-हाडं काढून कोंबडी नुसत्या पाण्यात उकडा, मीठमसाला नको. उकडलेलं पाणी फ्रिजमध्ये गार करा. वर पांढरा थर धरेल, तो चमच्याने खरवडून टाका आणि खालचं पाणी त्याच्या जेवणावर ओता.