बी.एस्सी. नर्सिंगचा फॉर्म पडताळणीत परत येत होता: माझा अनुभव

बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी, त्यात ४५ टक्क्यांच्या वर. ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण. सीईटीही दिलेली. तरी लेकीचा फॉर्म ‘त्रुटी’ म्हणून परत यायचा, खूण नॉन-क्रिमीलेअरवर, म्हणजे मागासवर्गीय कुटुंबाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याच्या प्रमाणपत्रावर.

आधी वाटलं स्कॅन अंधुक आहे. ऐरोलीतल्या झेरॉक्सवाल्याकडून दोनदा नवीन काढला. मग फाइल लहान केली. आठवडा गेला, डोकं फिरलं.

शेवटी प्रमाणपत्रातली खालची बारीक ओळ वाचली. वैधता याच वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत! प्रवेशाला पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत लागते. म्हणजे कागद स्वच्छ, पण मुदत संपलेला.

मग असं केलं. आधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढला, एका नव्हे, तीन वर्षांचा. तो हातात आल्यावरच ‘आपले सरकार’ या सरकारी सेवा पोर्टलवर नॉन-क्रिमीलेअरचा अर्ज भरला, सोबत जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. तालुका ठाणे निवडला. (ऐरोली, वाशी, नेरूळ ठाण्यात, खारघर, कामोठे मात्र रायगड जिल्हा, तालुका पनवेल. इथे भले भले चुकतात.) नवीन प्रमाणपत्रावरची तारीख मोठ्याने वाचून घेतली. प्रवेशाचा फॉर्म उघडून जुनी फाइल काढली, नवी चढवली आणि शेवटचं ‘सबमिट’ पुन्हा दाबलं. नुसती फाइल बदलून गप्प बसलो असतो, तर फॉर्म तसाच अडकून राहिला असता.

दुसऱ्या दिवशी ‘पडताळणी पूर्ण’.