फेरिटिन वाढलेले निघाल्यास डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीची तयारी

फेरिटिन हे शरीरातील लोह साठवणारे प्रथिन असले तरी ताप, संसर्ग, सांधेदाह, मद्यपान किंवा फॅटी लिव्हर यांमुळेही ते वाढते. त्यामुळे पुरुषांत साधारण ३०० आणि स्त्रियांत २०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या पुढचा आकडा दिसताच शरीरात लोह जास्त झाले, असे स्वतःच ठरवू नये. प्रयोगशाळेनुसार ही मर्यादा थोडी बदलते, म्हणून मूळ अहवाल आणि जुने अहवाल तारखांसह जवळ ठेवावेत.

नमुना दिला त्या सुमारास आजारपण होते का, हे आठवून लिहावे. सुरू असलेली प्रत्येक गोळी, टॉनिक आणि आयुर्वेदिक औषध त्याच कागदावर उतरवावे, कारण लोहभस्म असलेल्या औषधांचा उल्लेख करायचे बऱ्याचदा राहून जाते. शिरेतून लोह दिले असल्यास, रक्त चढवले असल्यास किंवा डायलिसिस चालू असल्यास तेही सांगावे. मद्यपानाचे प्रमाण मात्र संकोच न करता खरे सांगावे. ते लपवल्यास पुढच्या कितीतरी तपासण्या विनाकारण कराव्या लागतात.

पुढची सर्वांत महत्त्वाची तपासणी म्हणजे ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन किती टक्के लोहाने भरले आहे ते पाहणे, आणि तिच्यासाठी सकाळी उपाशीपोटी रक्त देणे चांगले. लोहाच्या गोळ्या आधी किती काळ थांबवायच्या, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. सॅच्युरेशनचे प्रमाण ४५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर बहुतेकदा कारण दाह, यकृत किंवा चयापचयात सापडते; म्हणून सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी), यकृताच्या चाचण्या, हिपॅटायटिस बी व सी, साखर, चरबी आणि पोटाची सोनोग्राफी यांची तयारी ठेवावी. अशा वेळी उपचार मूळ कारणावर होतो, म्हणजे वजन, साखर आणि मद्य यांवर. प्रमाण वारंवार ४५ च्या वर राहिले, तर लोहाचा खरा साठा तपासण्यासाठी यकृताचा एमआरआय किंवा लोहाच्या शोषणाशी संबंधित एचएफई या जनुकाची चाचणी सुचवली जाऊ शकते. वायव्य युरोपीय वंशाच्या लोकांत आढळणारा या जनुकातील सी२८२वाय हा बदल भारतीयांत फार विरळ आहे, त्यामुळे ही चाचणी सरसकट करण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे लोहसाठ्याचा मोठा प्रश्न थॅलेसेमिया या रक्तविकारामुळे वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या मुलांचा आहे. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. या मुलांच्या पालकांनी पिशव्यांची नोंदवही आणि जादा लोह बाहेर काढणाऱ्या डिफेरासिरॉक्ससारख्या औषधाचे चुकलेले डोस न चुकता दाखवावेत; डोस वाढवायचा की तेवढाच ठेवायचा, हे ठरवताना डॉक्टरांना त्या नोंदींचा मोठा आधार होतो.

फेरिटिनचा आकडा १००० च्या वर असेल, तर यकृततज्ज्ञ किंवा रक्तविकारतज्ज्ञ यांची भेट लांबणीवर टाकू नये. आकडा काही हजारांत असून सोबत सततचा ताप, कावीळ किंवा रक्तपेशींची घट असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. निदान होईपर्यंत लोहाची गोळी किंवा क जीवनसत्त्वाची जादा मात्रा स्वतःहून सुरू करू नये, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली लोहाची गोळी त्यांना न विचारता बंदही करू नये.