अ‍ॅट, ऑन, इन: गोंधळ असा सुटला

लातूरकडच्या गावात मी दहावीच्या पोरांची इंग्रजी घेतो. वेळेला अ‍ॅट, दिवसाला ऑन, महिन्या-वर्षाला इन हे सगळ्यांना पाठ, पण वाक्य लिहायला बसलं की सरमिसळ. मग पाठांतर बाजूला ठेवलं आणि आपल्याच भागातल्या तारखा फळ्यावर लिहिल्या.

मराठवाडा मुक्त झाला ते ‘इन 1948’, ‘इन सप्टेंबर’, पण नेमका दिवस आला की ‘ऑन 17 सप्टेंबर’. किल्लारीचा भूकंप ‘इन 1993’, ‘ऑन 30 सप्टेंबर’. खरी अडचण पुढे होती. नुसती सकाळ म्हटली तर ‘इन द मॉर्निंग’, मात्र तिला तारीख जोडली की ‘ऑन द मॉर्निंग ऑफ 30 सप्टेंबर’. म्हणजे दिवस ठरला की ऑन पुढे येतो. हे उमगलं तेव्हा पोरांचे चेहरे खुलले, मलाही फार बरं वाटलं. ‘अ‍ॅट नाइट’ मात्र तसंच लक्षात ठेवायचं. आणि नेक्स्ट, लास्ट, धिस आलं की आधी काहीच नको: ‘नेक्स्ट मंडे’, बस्स.

बाय आणि अन्टिल यांना मी जास्त वेळ देतो, कारण आपल्याकडे दोन्हींना ‘पर्यंत’च. फॉर्म शुक्रवारपर्यंत भरा, तर ‘बाय फ्रायडे’. काम एकदाच व्हायचंय, मुदतीच्या आत. दुकान नऊपर्यंत उघडं, तर ‘अन्टिल नाइन’. उघडं असणं तोवर चालूच. आता पोरं आधी विचारतात, “सर, काम एकदाच की चालू?” उत्तर मिळालं की शब्द स्वतःच निवडतात.