‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ‘रस नसलेला’ नव्हे : या चुका टाळा

इंग्रजी करारनाम्यांत एक कलम वारंवार भेटतं : वाद झाल्यास तो ‘डिसइंटरेस्टेड थर्ड पार्टी’कडे सोपवला जाईल. मराठी करताना कुणी त्याचं ‘रस नसलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडे’ करून मोकळं होतं, आणि कलमाचा जीवच जातो. ज्याला प्रकरणात रस नाही त्याच्याकडे वाद घेऊन जायचं कशाला? कलमाला हवा असलेला माणूस वेगळाच आहे. निकाल कुणाच्याही बाजूने लागो, त्याच्या पदरात काही पडणार नाही आणि त्याचं काही जाणारही नाही. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, त्रयस्थ.

चूक कुठून येते ते समजण्यासारखं आहे. ‘इंटरेस्ट’ म्हटलं की आधी आवड, गोडी डोक्यात येते. पण हाच शब्द कर्जाच्या व्यवहारात व्याज होतो आणि कायद्यात किंवा राजकारणात हितसंबंध होतो. ‘अनइंटरेस्टेड’मध्ये आवडीचा इंटरेस्ट आहे, ‘डिसइंटरेस्टेड’मध्ये हितसंबंधाचा. ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’चं भाषांतर ‘आवडींचा संघर्ष’ असं कुणी करत नाही, तिथे ‘हितसंबंधांचा संघर्ष’ आपोआप सुचतं. तेच भान ‘डिस’ लागल्यावरही टिकवायचं.

म्हणूनच एक माणूस एकाच वेळी ‘डिसइंटरेस्टेड’ही असू शकतो आणि कमालीचा ‘इंटरेस्टेड’ही. चांगला पंच खेळावरची नजर क्षणभरही हटवत नाही, मात्र कोण जिंकतं याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. उलट प्रकारचा माणूसही असतो : वडिलोपार्जित मालमत्तेच्या दाव्यात ज्याचा वाटा आहे, पण जो कागदपत्रं उघडूनही पाहत नाही. तो ‘अनइंटरेस्टेड’ खरा, ‘डिसइंटरेस्टेड’ मात्र मुळीच नव्हे.

‘इम्पार्शल’शी गल्लत

ही चूक पहिलीपेक्षा बारीक आहे आणि चांगल्या जाणकारांकडूनही होते. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती, म्हणजेच ‘इम्पार्शल’, असं बऱ्याच शब्दसूचींत एका शब्दात उरकलेलं असतं. हे दोन्ही शब्द अनेकदा एकाच माणसाला लागू पडतात, पण ते सांगतात वेगवेगळ्या गोष्टी. ‘इम्पार्शल’ माणसाच्या मनाबद्दल बोलतो आणि ‘डिसइंटरेस्टेड’ तो माणूस कुठे उभा आहे त्याबद्दल.

इंग्लंडमधल्या एका जुन्या खटल्यात हा फरक लख्ख दिसतो. डाइम्स नावाचे जमीनमालक आणि ग्रँड जंक्शन कॅनॉल ही कालव्याची कंपनी यांच्यात वाद होता. खालच्या न्यायाधीशाने कंपनीच्या बाजूने हुकूम दिला आणि लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे त्याच्या वरच्या पदावरचे न्यायाधीश, कॉटनहॅम यांनी तो उचलून धरला. पुढे उघड झालं की कॉटनहॅम यांच्याकडे त्याच कंपनीचे हजारो पौंडांचे शेअर होते. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयासमोर, गेलं आणि १८५२ मध्ये कॉटनहॅम यांचा निर्णय रद्द ठरला. त्या वेळी निकाल देणाऱ्यांपैकी लॉर्ड कॅम्पबेल यांनी स्पष्ट सांगितलं की शेअरमुळे कॉटनहॅम यांच्या मनावर तिळमात्र परिणाम झाला असेल असं कुणालाही वाटणार नाही. तरीही स्वतःच्या दाव्यात कुणी न्यायाधीश असू नये, हे तत्त्व पवित्र मानलं पाहिजे. एवढ्यावरच न थांबता लॉर्ड्सनी मूळ वाद गुणवत्तेवर तपासला आणि खालच्या न्यायाधीशाचा हुकूम कायम ठेवला. म्हणजे कॉटनहॅम यांचा निष्कर्ष चुकलाही नव्हता!

या खटल्यावर मराठीत लिहिताना ‘ते निःपक्षपाती नव्हते’ असं वाक्य आलं तर तो एका माणसावर अन्याय होईल. ते ‘इम्पार्शल’ होते, हे निर्णय रद्द करणाऱ्यांनीच मान्य केलं. ते ‘डिसइंटरेस्टेड’ नव्हते. ‘त्यांचे हितसंबंध गुंतलेले होते’ हेच योग्य भाषांतर. शब्द सैल वापरला की माणसाच्या चारित्र्यावर डाग पडतो, म्हणून इथे मी आग्रही आहे.

मृत्युपत्राच्या साक्षीदारांबाबतही हाच विचार आहे. इंग्लंडच्या १८३७ च्या विल्स अ‍ॅक्टनुसार साक्षीदाराला, किंवा त्याच्या पती वा पत्नीला, त्याच मृत्युपत्रातून काही दिलेलं असेल तर मृत्युपत्र टिकतं, पण ती देणगी बाद होते. साक्षीदार खरं बोलतो का, हा तिथे प्रश्नच नाही. त्याला लाभ आहे का, एवढंच पाहिलं जातं.

‘न्यूट्रल’ आणि ‘ऑब्जेक्टिव्ह’ही याच घोळक्यात शिरतात. ‘न्यूट्रल’ म्हणजे बाजू न घेतलेला. युद्धात तटस्थ राहिलेला देश दोन्ही शत्रूंशी व्यापार करून नफा कमावू शकतो. तो ‘न्यूट्रल’ आहे, ‘डिसइंटरेस्टेड’ नाही. ‘ऑब्जेक्टिव्ह’चा रोख पद्धतीवर असतो : पुरावा बोलेल तसं बोलायचं.

मराठी शब्द निवडताना

सगळीकडे एकच प्रतिशब्द चिकटवू नका. सल्ला ‘डिसइंटरेस्टेड’ असेल तर तो निःस्वार्थ किंवा निरपेक्ष. प्रेम आणि सेवा यांनाही निरपेक्षच शोभतं. साक्षीदार किंवा लवाद असेल तर ‘हितसंबंध नसलेला’ असं सरळ लिहावं, थोडं लांबलं तरी चालेल. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९० मध्ये सौंदर्याच्या आस्वादाला ‘डिसइंटरेस्टेड’ म्हटलं. तिथे ‘रस नसलेला आनंद’ लिहिलं तर अर्थ थेट उलटा होतो, कारण आस्वाद घेणारा तर रसात बुडालेला असतो. समोरची वस्तू मिळावी, उपयोगी पडावी, ही इच्छा तेवढी त्याला नसते.

‘उदासीन’ या शब्दापासून मात्र जपून. संस्कृतात उदासीन म्हणजे कोणत्याच पक्षात नसलेला. गीतेच्या सहाव्या अध्यायात मित्र, शत्रू आणि मध्यस्थ यांच्या रांगेत तो याच अर्थाने येतो. तिथे ‘डिसइंटरेस्टेड’ अगदी जवळ बसतो. आजच्या मराठी वाचकाला उदासीन म्हणजे खिन्न किंवा बेफिकीर, त्यामुळे जुन्या अर्थाच्या भरवशावर तो शब्द वापरला तर वाचक ‘अनइंटरेस्टेड’कडेच जाणार.

‘डिस’ आणि ‘अन’

हे दोन्ही उपसर्ग नकारच देतात, मग काय फरक पडतो, असं वाटून बरेच जण कुठलाही लावतात. फरक पडतो. ‘अनऑर्गनाइज्ड’ कामगार म्हणजे असंघटित, ‘डिसऑर्गनाइज्ड’ कामगार म्हणजे गोंधळलेले, अव्यवस्थित. ‘अनयूज्ड’ इमारत कदाचित अजून वापरातच आलेली नसेल. ‘डिसयूज्ड’ इमारत एके काळी वापरात होती, आता पडून आहे.

आणि शब्दकोश दोन्ही अर्थ देतो तेव्हा?

मेरियम-वेब्स्टर ‘डिसइंटरेस्टेड’चा ‘रस नसलेला’ हा अर्थही नोंदवतो, आणि त्यात गैर काही नाही. सतराव्या शतकात हा शब्द त्या अर्थाने वापरला गेला आहे आणि ‘अनइंटरेस्टेड’ चक्क निःपक्षपाती या अर्थाने. आजची वाटणी अठराव्या शतकात रुळत गेली. म्हणून वाचताना हट्ट धरू नये, लेखकाला काय म्हणायचंय ते पाहावं. शब्दापुढे ‘इन’ आलं, उदाहरणार्थ ‘डिसइंटरेस्टेड इन पॉलिटिक्स’, तर बहुतेक वेळा लेखकाला ‘रस नाही’ असंच म्हणायचं असतं. शब्द साक्षीदार, निरीक्षक, सल्ला अशा नामाच्या आधी आला तर हितसंबंधाचा अर्थ आधी लावून पाहा.

स्वतः इंग्रजीत लिहिताना मात्र ‘रस नाही’ यासाठी ‘अनइंटरेस्टेड’च वापरा. नाम हवं असेल तर आणखी एक खाच आहे : ‘डिसइंटरेस्ट’ हे नाम आज बहुतेक करून अनास्था याच अर्थाने वाचलं जातं. निरपेक्षपणा म्हणायचा असेल तर ‘डिसइंटरेस्टेडनेस’ हा लांबलचक शब्द लिहावा लागतो. तो कानाला जड वाटला तर वाक्यच फिरवा आणि या माणसाला या व्यवहारातून काही मिळणार नाही, असं सरळ लिहा.