पायपायची बीटा आवृत्ती चालवून बघताय? या चुका टाळा

पायपाय म्हणजे पायथन भाषा चालवणारा एक पर्यायी, वेगावर भर देणारा इंटरप्रिटर. ६ फेब्रुवारी २०२५ ला पायपाय ७.३.१८ आलं आणि त्यासोबत पायथन ३.११ चालवणारी पहिली बीटा, म्हणजे पक्की होण्याआधीची चाचणी आवृत्ती, आली. तीन आठवडे व्हायच्या आत, २६ फेब्रुवारीला, ७.३.१९ काढावं लागलं, कारण जिटमध्ये, म्हणजे कोड चालता चालता त्याचा मशीन कोड बनवणाऱ्या भागात, दोष सापडले होते. त्या आवृत्तीवरही ३.११ ला ‘बीटा’ची पाटी तशीच ठेवली गेली. ती निघाली जुलैतल्या ७.३.२० मध्ये. तेव्हा बीटात खरेखुरे दोष असतात, याबद्दल वाद नाही.

पण पायपाय पहिल्यांदाच चालवणाऱ्याच्या तोंडी ज्या तक्रारी येतात, म्हणजे ‘फाइल रिकामीच येते’, ‘नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) बसत नाही’, ‘हे तर उलट हळू चालतं’, त्यांचा बीटाशी काडीचाही संबंध नसतो. पक्क्या आवृत्तीवरही त्या आल्याच असत्या. आपण रोज जे ‘पायथन’ चालवतो ते सीपायथन, म्हणजे सी भाषेत लिहिलेलं एक इम्प्लिमेंटेशन. त्याच्या कित्येक सवयी आपण भाषेचे नियम समजून बसलेलो असतो. पायपाय भाषेचे नियम पाळतं, सीपायथनच्या सगळ्या सवयी पाळत नाही. बीटा तपासताना हा फरक डोक्यात नसेल तर साप साप म्हणून भुई धोपटणं होतं, आणि खरा दोष निसटतो.

कुठलं पायथन चालतंय हेच न बघणं

हसू नका. टर्मिनलमध्ये जुनं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका कामापुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) चालू असतं, पायपाय डाउनलोड करून भलत्याच फोल्डरमध्ये उघडलेलं असतं, आणि ‘काहीच फरक पडला नाही’ असा निकाल लागतो. आधी इंटरप्रिटर उघडून सिस मॉड्यूलमधलं व्हर्जन छापून बघा. पायपाय असेल तर तिथे दोन आकडे दिसतात: कोणती पायथन भाषा (३.११) आणि कोणतं पायपाय (७.३.१८). दोन्ही लिहून ठेवा. तक्रार नोंदवताना दोन्ही लागतात, आणि लोक हमखास एकच देतात.

बीटा सिस्टिमच्या पायथनवर बसवू नका. फाइल स्वतंत्र फोल्डरमध्ये उघडा आणि त्या पायपायनेच नवं व्हेन्व्ह (व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट) बनवा. डाउनलोड केलेल्या पायपायमध्ये सुरुवातीला पिप (लायब्रऱ्या बसवणारं साधन) नसतो, तो एन्शुअरपिप मॉड्यूल चालवून आणावा लागतो. ‘पिपच नाही, पॅकेज तुटकं आहे’ म्हणून डाउनलोड फेकून देण्याआधी एवढं करून बघा.

छोट्या स्क्रिप्टवरून वेग ठरवणं

पायपायचा वेग जिटमधून येतो. लूप चालू असताना कोणता भाग वारंवार फिरतोय हे ते मोजतं, आणि तेवढ्याच भागाचा मशीन कोड बनवतं. मूळ सेटिंगनुसार एखादा लूप १०३९ वेळा फिरल्यावर, किंवा फंक्शन १६१९ वेळा बोलावलं गेल्यावर, त्याचा माग काढायला सुरुवात होते. त्याआधी तुमचा कोड साध्या इंटरप्रिटरमध्ये चालतो, आणि तो इंटरप्रिटर सीपायथनपेक्षा हळूच आहे. त्यामुळे अर्ध्या सेकंदात संपणारी स्क्रिप्ट घेऊन तुलना केलीत तर पायपाय हरणारच.

युनिट टेस्टचंही तेच. टेस्टमध्ये प्रत्येक ओळ एकदा-दोनदा चालते, जिटला गरम व्हायला वावच मिळत नाही. टेस्टचा संच सावकाश चालला म्हणून प्रोग्रामही सावकाश चालेल असं नाही.

टाइमइट (वेळ मोजणारं पायथनचं मॉड्यूल) वापरून मोजायला गेलात तर पायपाय स्वतःच इशारा छापतं: टाइमइट हे अतिशय बेभरवशाचं साधन आहे, खऱ्या मोजमापासाठी पायपर्फ किंवा दुसरं काही वापरा. इशारा वाचून पुढे जाणारे आणि तोच आकडा सगळ्यांना दाखवणारे कमी नाहीत. खरं काम करणारा, निदान दहा-वीस सेकंद चालणारा प्रोग्राम घ्या आणि सुरुवातीचा वेळ वेगळा मोजा.

तुलना कुणाशी करताय तेही बघा. सीपायथन ३.११ स्वतःच ३.१० पेक्षा सरासरी २५ टक्के वेगवान झालं. मशीनवर पडून असलेल्या ३.८ शी तुलना करून पायपायची पाठ थोपटणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

नमपाय, पांडाज आणि अडकलेला पिप

बीटाच्या पहिल्या दिवसांत सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. नमपाय, पांडाज अशा सीमध्ये लिहिलेल्या लायब्रऱ्यांची तयार व्हील फाइल (कंपाइल न करता बसवता येणारं पॅकेज) प्रत्येक पायथनसाठी वेगळी बनवावी लागते. पायपाय ३.११ ची व्हील ओळखायची तर नावात ‘पीपी३११’ हवं. भाषेची आवृत्ती नवी, म्हणजे खूणही नवी, म्हणजे सुरुवातीला बहुतेक लायब्रऱ्यांची व्हील नसणारच. मग पिप गुपचूप सोर्स कोड उतरवून कंपाइल करायला घेतो. पंखा जोरात फिरतो, पाच-दहा मिनिटं काहीच हालत नाही, आणि शेवटी कंपायलर किंवा फोर्ट्रान सापडत नसल्याची पानभर चूक येते.

यावर सोपा उपाय आहे. पिपला फक्त तयार बायनरीच घ्यायला सांगा. व्हील नसेल तर तो तिथल्या तिथे नाही म्हणेल, अर्धा तास वाचेल.

आणि समजा नमपाय बसलंच, तरी फार हुरळून जाऊ नका. अशा लायब्रऱ्या पायपायमध्ये सीपीवायएक्स्ट नावाच्या मधल्या थरातून चालतात. हा थर सीपायथनच्या सी इंटरफेसची नक्कल करतो, आणि पायथनमधून सीमध्ये जाता-येताना दर वेळी टोल भरावा लागतो. तुमच्या प्रोग्रामचा सगळा वेळ नमपायच्या आत जात असेल तर पायपाय वापरून हाती काही लागणार नाही. ते शोभतं शुद्ध पायथनमध्ये लिहिलेल्या लूपांना: पार्सर, सिम्युलेशन, लॉग चाळणं, स्वतः लिहिलेला अल्गोरिदम. डेटाबेससाठी शुद्ध पायथनमधला पर्याय असेल तर तो घ्या. पोस्टग्रेससाठी सायकोपीजी ३ ची शुद्ध पायथन आवृत्ती आहे.

फाइल आपोआप बंद होईल असं गृहीत धरणं

ही चूक सगळ्यांत फसवी, म्हणून जरा तपशिलात. असा कोड सर्रास दिसतो: एका ओळीत फाइल लिहिण्यासाठी उघडली, त्याच ओळीत राइट केलं, व्हेरिएबलमध्ये काही ठेवलं नाही. पुढच्या ओळीत तीच फाइल वाचायला उघडली. सीपायथनवर मजकूर मिळतो. पायपायवर बहुतेकदा रिकामी स्ट्रिंग मिळते.

सीपायथन प्रत्येक ऑब्जेक्टकडे किती जण बोट दाखवतात ते मोजत असतं. ती संख्या शून्य झाली की ऑब्जेक्ट त्याच क्षणी जातं, आणि जाता जाता फाइल बंद होते, बफरमधला (मेमरीत तात्पुरता साठलेला) मजकूर डिस्कवर उतरतो. पायपाय अशी मोजणी ठेवत नाही. त्याचा कचरा गोळा करणारा जेव्हा फिरेल तेव्हा फाइल बंद होईल. भाषेने ‘लगेच बंद होईल’ असं वचन कधीच दिलेलं नाही, ती सीपायथनची मेहरबानी होती.

गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की प्रोग्राम संपताना पायपाय उरलेल्या फाइलींचे बफर रिकामे करतं. म्हणजे तुम्ही नंतर फाइल उघडून बघता तेव्हा मजकूर जिथल्या तिथे! मग संशय बीटावर जातो. याचंच मोठं रूप म्हणजे हजारो फाइली लूपमध्ये उघडणारी स्क्रिप्ट. लिनक्सवर एका प्रोसेसला साधारण १०२४ उघड्या फाइलींची मर्यादा असते. सीपायथनवर एका वेळी एकच फाइल उघडी राहते, पायपायवर कचरा उचलला जाण्याआधीच मर्यादा गाठली जाते आणि ‘टू मेनी ओपन फाइल्स’ येतं.

उपाय जुनाच: फाइल ‘विथ’ वापरून उघडा. सॉकेट, लॉक, डेटाबेसची जोडणी, सगळ्यांना हेच लागू. जनरेटर अर्धवट सोडलात तर त्यातला ‘फायनली’चा भागही कधी चालेल याचा भरवसा नाही. मोठ्या जुन्या कोडमध्ये अशा जागा शोधायला पायपायमध्ये ‘ट्रॅक-रिसोर्सेस’ नावाचा, कमांड लाइनवर द्यायचा एक्स पर्याय (-X) आहे. तो चालू केला की बंद न केलेली फाइल कुठल्या ओळीत उघडली होती ते इशाऱ्यात दिसतं. सीपायथनवरच राहायचं ठरवलंत तरी हा शोध एकदा घ्याच.

छोट्या पण छळणाऱ्या

लूपमध्ये स्ट्रिंगला प्लस-इक्वल करत मजकूर वाढवणं सीपायथनवर खपून जातं, कारण ते जागच्या जागी स्ट्रिंग वाढवण्याची युक्ती करतं. पायपायवर दर वेळी नवी प्रत होते आणि मोठ्या मजकुराला वेळ चढत जातो. यादीत गोळा करा, शेवटी जॉइन करा.

सिसमधलं गेटसाइझऑफ पायपायवर चालत नाही, मुद्दामच चूक देतं. आकडे ‘इज’ने तपासू नका: पायपाय तिथे किंमत बघतं, सीपायथन ऑब्जेक्ट बघतं, म्हणून पायपायवर चाललेला कोड सीपायथनवर पडू शकतो. आणि थ्रेड वाढवून वेग मिळेल ही आशा सोडा, जिल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं कुलूप) इथेही आहे.

देवनागरी मजकुरावर काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी नोंद. मार्च २०१९ मधल्या ७.१ पासून पायपाय स्ट्रिंग आतून यूटीएफ-८ मध्ये ठेवतं. तिथे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, सीपायथनमध्ये सहसा २. क्रमांकाने एकेक अक्षर काढायचं तर पायपायला ते शोधत जावं लागतं. शब्दांची मोजदाद वा लिप्यंतर करताना क्रमांकाऐवजी थेट स्ट्रिंगवरूनच फॉर लूप फिरवा.

मेमरीचं म्हणाल तर छोटा प्रोग्रामही पायपायवर जास्त जागा खातो, कारण जिटने बनवलेला कोडही तिथेच असतो. मेमरी गळती आहे असं म्हणण्याआधी आकडा चढतच जातो की एका पातळीवर थांबतो ते बघा.

खरा दोष सापडला तर

तोच तुकडा तीन ठिकाणी चालवा. एक, सीपायथन ३.११, म्हणजे त्याच भाषेच्या आवृत्तीवर. ३.१३ वर चालतंय म्हणून बीटाला दोष देता येत नाही. दोन, आधीच्या पक्क्या पायपायवर. तिथे चालून बीटात पडत असेल तर दोष नव्याने शिरलाय, आणि ही माहिती सोन्याच्या मोलाची. तीन, त्याच बीटावर पण जिट बंद करून. पायपायला ‘जिट ऑफ’ असा पर्याय देता येतो. जिट बंद केल्यावर उत्तर बरोबर येत असेल तर संशयित सापडला.

जिटचे दोष चमत्कारिक असतात. पहिले हजारभर फेरे उत्तर बरोबर, मग अचानक चूक, किंवा ट्रेसबॅक (चूक कुठे झाली ते सांगणारा मजकूर) न देता सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम एकदम कोसळणं. म्हणून कोड लहान करताना लूपचे फेरे कमी करू नका. दहा फेऱ्यांचा सुटसुटीत नमुना पाठवलात तर तो पलीकडे बिनतक्रार चालेल आणि तुमची नोंद ‘दिसत नाही’ म्हणून बंद होईल.

नोंदवण्याआधी रोजची ताजी बिल्ड, म्हणजे नाइटली, उतरवून तिच्यावर तोच कोड चालवा. दोष कदाचित दोन दिवसांपूर्वीच मिटला असेल. नसेल, तर पायपायच्या गिटहबवर जा, आधी शोधा, मग लिहा: दोन्ही आवृत्त्यांचे आकडे, ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोसेसर, जिट बंद केल्यावर काय होतं ते, आणि बाहेरची एकही लायब्ररी न लागणारा कोडचा तुकडा. लायब्ररी लागतच असेल तर ती व्हीलमधून आली की कंपाइल झाली, तेही सांगा.