मोडक्या गिटारपासून युकुलेले: सातव्या पडद्याची युक्ती

युकुलेले, म्हणजे चार तारांचं गिटारसारखं छोटं वाद्य, घरी बनवायचं म्हटलं की लोक आधी बॉडीच्या मागे लागतात, लाकूड कोणतं, आकार कसा, भोक केवढं. खरं किचकट काम दांडीचं आहे, पडदे, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, जरा इकडेतिकडे बसले की वाद्य जन्मभर बेसूर. म्हणून माझं सरळ म्हणणं, पडदे बसवायच्या भानगडीत पडूच नका, पोट फुटलेली किंवा ब्रिज, म्हणजे तारा टेकतात ती बॉडीवरची घोडी, उपटलेली गिटार शोधा, तिच्या दांडीवर पडदे आधीच मापात बसलेत. कुणाच्या तरी माळ्यावर अशी एक असतेच, नाहीतर पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे.

आता गणित बघा. गिटारची स्केल, म्हणजे नटपासून (दांडीच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) घोडीपर्यंत तारेची लांबी, साधारण ६५० मिमी. सातव्या पडद्यापासून घोडीपर्यंत उरते ४३४ मिमी, आणि टेनर नावाच्या मोठ्या आकाराच्या युकुलेलेची स्केल १७ इंच, म्हणजे ४३२. झालं की काम! सातवा पडदा काढून तिथे नवा नट बसवला की पुढचे सगळे पडदे आपोआप टेनरचे होतात. नवव्यावर नट बसवला तर ३८६ मिमी, म्हणजे जवळपास कॉन्सर्ट, टेनरपेक्षा लहान साइज, पण पहिल्यांदा करताय तर टेनरच करा, बोटांना जागा मिळते.

दांडी निवडताना मागून लोहचुंबक फिरवून बघा. चिकटला तर आत ट्रस रॉड (दांडी सरळ ठेवणारी सळई) किंवा लोखंडी पट्टी आहे, ती दांडी नको. पडद्यांना चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे फसायला होत नाही. नायलॉन तारांच्या गिटारला बहुतेक वेळा रॉड नसतो, म्हणून तीच बरी.

दांडी हीलपासून, म्हणजे बॉडीला जोडते तिथून, सोडवली की सातवा पडदा पक्कडीने हळू उपटायचा आणि त्याच खाचेतून फिंगरबोर्ड, म्हणजे पडदे बसवलेली वरची फळी, करवतीने आरपार कापायचा, फक्त फिंगरबोर्ड हां, खालची दांडी नाही. मग नट ते सातवा पडदा एवढ्या भागावर कपड्यांची गरम इस्त्री ठेवायची, गोंद मऊ झाला की पातळ पटाशी किंवा पेंटरची पट्टी सरकवत तुकडा सोडवायचा. घाई केली तर लाकडाचे टवके उडतात. तो तुकडा फेकू नका, पुढे लागणार आहे. खाली जी उघडी दांडी राहिली तोच आपला नवा हेडस्टॉक, म्हणजे तारा पिळायच्या कीज बसतात ते डोकं, जुना हेडस्टॉक कापून टाकायचा. मागची गोलाई रंध्याने सपाट करून जाडी १३-१४ मिमीवर आणा आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन ट्यूनिंग कीज बसवा. तीनच्या पट्टीवाल्या असतील तर हॅक्सॉने एक कापून टाकायची. नटची पुढची कड मात्र बरोबर जिथे पडदा होता तिथेच यायला हवी, इथे १ मिमीची चूकसुद्धा प्रत्येक कॉर्डमध्ये ऐकू येते. रुंदी जास्त वाटली तर दोन्हीकडून रंधा मारून नटपाशी ४० मिमीच्या आसपास आणा, पडद्यांची टोकं कानशीने गोल करा, नाहीतर तळहात सोलवटेल.

बॉडीला मोडका बुलबुल तरंग मिळाला तर मस्तच, वरची बटणं-तारा काढल्या की खाली पोकळ लाकडी खोकं उरतं. नसेल तर कुठलंही हलकं लाकडी खोकं, ३६ ते ४० सेंमी लांब. वरची तबली, म्हणजे खोक्यावरची पातळ फळी, मात्र त्याच गिटारच्या फुटक्या तबलीतून कापा आणि पॉलिश पेपरने घासून थोडी पातळ करा. खोक्याची लाज वाटायचं कारण नाही, १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटाहून जहाजाने होनोलुलूला उतरलेले नुनेस, डियास आणि एस्पिरितो सांतो, ज्यांनी हे वाद्य हवाईत घडवलं, तेही मुळात फर्निचरवाले सुतारच होते.

खोक्यात दांडीच्या टोकाला लाकडाचा जाड ठोकळा चिकटवा, मग दांडी फेविकॉल आणि दोन स्क्रूनी पक्की करा. चिकटवायच्या आधी पडद्यांवर सरळ पट्टी ठेवून बघा, ती घोडीच्या लाकडाच्या किंचित वरून जायला हवी. खाली गेली तर तारा उंच राहतील आणि बोटं दुखतील, तेव्हा इथे हवा तेवढा वेळ घ्या.

घोडीसाठी आठवतोय तो फिंगरबोर्डचा तुकडा? पडदे उपटून त्यातूनच कापायची, कडक लाकूड आहे. वरची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात, जुन्या गिटारच्या तशाच पट्टीतून, म्हणजे सॅडलमधून. जागा कशी ठरवायची तर नव्या नटपासून बाराव्या पडद्यापर्यंत, म्हणजे गिटारच्या एकोणिसाव्या पडद्यापर्यंत मोजा, २१७ मिमी भरेल, त्याच्या दुप्पट अंतर घ्या आणि वर २ मिमी सोडा. तबलीला आतून घोडीच्या खाली पातळ प्लायचा तुकडा लावा.

तारा नायलॉनच्याच, स्टीलच्या लावल्या तर तबली उचलली जाईल. क्लासिकल गिटारचा सेट चालतो. त्याच्या पहिल्या तीन तारा सातव्या पडद्यावर बी, एफ शार्प आणि डी वाजतात, आपण त्या एक पूर्ण स्वर (दोन पडदे) उतरवतो की ए, ई, सी मिळतात, म्हणजे ताण मूळ गिटारपेक्षा थोडा कमीच. चौथी तार जी, ती वरच्या सप्तकातली, तिला आणखी एक पहिली तार सुटी आणायची.

दांडीवर ठिपके असतील तर ते आता २, ५, ८, १०, १२ वर दिसतील. ५, १० आणि १२ उपयोगाचे, बाकीच्यांकडे बघूच नका. नव्या तारा पहिले काही दिवस सारख्या उतरतात, रोज चढवत राहा. आणि कुठे झणझण वाजलंच तर आधी नटच्या खाचा तपासा, तार तिसऱ्या पडद्यावर दाबली की पहिल्यावर कागदाएवढी फट दिसायला हवी.